न विचारता दिलेली हिरवी साडी

अण्णांनी गिऱ्हाइकाला 'काय दाखवू?' असं विचारलेलं मी पहिली दोन वर्षं एकदाही ऐकलं नाही. बिदरकडच्या चिटगुप्प्याच्या बाजारात तेव्हा कापडाची पाच-सहा दुकानं होती. बाकीच्या दुकानांत बाई पायरी चढायच्या आत 'या ताई, काय दाखवू, कशात दाखवू, लग्नाचं का रोजचं' अशी सरबत्ती सुरू व्हायची. आमचे अण्णा मात्र गादीवर मांडी घालून बसलेले असत, गालात लवंग, आणि नजर दारात चपला काढणाऱ्या पायांवर. ती बाई आत येऊन टेकेपर्यंत तिच्यापुढं तीन साड्या पडलेल्या असत. आणि गंमत अशी की तासभर रॅक उपसायला लावून शेवटी ती त्या तीनातलीच एक घेऊन जायची.

मी डी.एड. करून घरी बसले होते. शिक्षकांची जाहिरात निघेना आणि घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी निघायला लागल्या, तेव्हा मी तरातरा जाऊन अण्णा नोकरीला होते त्या दुकानात कामाला लागले. साड्यांच्या दुकानात एक बाईमाणूस असलेलं बरं, म्हणून मालकांनीही ठेवून घेतलं. अण्णांनी पहिल्याच दिवशी माझं 'टीचरबाई' असं बारसं केलं. मला ते फार झोंबलं. शाळा मिळाली नाही म्हणून ही पोरगी इथं घड्या घालत बसलीय, हे रोज मोठ्यानं सांगायची काय गरज होती? मी मुळात तापट. आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्या हाकेत टोमणा नव्हता, उलट मी इथून एक दिवस सुटणार हा भरवसा होता, हे कळायला मला सहा महिने लागले.

अण्णा साठीकडं झुकलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरात कन्नड, गादीवर मराठी, आणि दर्ग्याच्या चादरीसाठी कापड न्यायला कुणी आलं की अस्सल दखनी. त्यांचं खरं नाव मालकांशिवाय कुणाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. सगळ्यांना ते अण्णाच होते. त्यांच्याकडं बायका हुमनाबादहून, पार गाणगापूरच्या वाटेवरच्या गावांतून यायच्या, आणि 'अण्णा हाईत का?' असं पायरीवरूनच विचारायच्या. अण्णा नसले तर परत जायच्या. इतर दुकानदारांचा जळफळाट व्हायचा तो यामुळं.

"तोंड बघू नको, बोट बघ," हा त्यांचा मला पहिला धडा. एकदा एक तरणा मुलगा आईला घेऊन आला. नवरा जाऊन तिला वर्षही झालेलं नसावं. मुलगा म्हणाला, "काहीतरी फिकं दाखवा, पांढरटमधलं." आईनं मान खाली घातलेली. अण्णांनी पांढरट काढलंच नाही. एक राखाडी साडी उलगडली, तिला मोरपंखी काठ होता. बाईचं बोट हळूच त्या काठावरून गेलं आणि परत आलं. अण्णांनी लगेच साडीची घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली. मुलगा कुरकुरला तेव्हा म्हणाले, "तुझा बाप गेलाय रे, तिचे डोळे गेले न्हाईत." त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडायलीय. हसत होती.

मी डी.एड.ची, त्यामुळं माझ्याकडं प्रत्येक रंगाचा अर्थ पाठ होता. तांबडा म्हणजे पराक्रम, पांढरा म्हणजे शांती, काळा म्हणजे दुःख, हिरवा म्हणजे समृद्धी. कवितेत रंग आला की हे खाली लिहायचं, दोन गुण खिशात. एकदा दुपारच्या सुस्तीत मी अण्णांना हे ऐकवलं. ते पोट धरून हसले. "कंचा हिरवा गं? पोपटी, मेंदी, शेवाळी, बाटली? समद्याला एकच अर्थ? असलं शिकवून पोरं पास करायलाव व्हय तुम्ही!" मी चिडून म्हणाले, "मग तुम्हीच सांगा अर्थ." त्यावर त्यांनी गर्द हिरव्या कापडाचं ठाण पुढं ओढलं. "यातलंच दर्ग्याला जातंय, यातलाच खण ओटीत जातोय, आन सवाष्ण मेली तर तिच्या अंगावरबी हाच रंग जातोय. कापडाला कुठं काय म्हाईत हाय? नेणाऱ्याच्या मनात काय हाय, ते वळखायचं."

काळ्याचं तर विचारूच नका. आमच्या सरहद्दीवर एकाच घरात दोन भाषा नांदतात आणि काळा रंग दोन्हीत सारखं बोलत नाही. लातूरकडची एक नवी सून पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेली, आणि तिची सासू कन्नड मुलखातली, काळ्या लुगड्याच्या नावानं कानांवर हात ठेवणारी. दोघी दुकानात एकमेकींकडं पाठ करून बसल्या. अण्णांनी काळ्या अंगाची इरकल काढली, तिचा लालभडक पदर सासूकडं टाकला आणि काळं अंग सुनेकडं. सासूशी कन्नडमध्ये काय पुटपुटले कुणास ठाऊक, पण म्हातारी स्वतः साडी बगलेत मारून उठली. असे कितीतरी प्रसंग. मला वाटायचं, हा माणूस चुकूच शकत नाही. मला वाटायचं ते वाटायचं, पण अण्णांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता हिरव्याचं सांगते. सातव्या महिन्यातल्या ओटीला आमच्याकडं कुबसा म्हणतात. कुबशाची हिरवी साडी माहेरची. ती दुकानातच पूर्ण उलगडायची, पदराला हळदीकुंकू लावायचं, वर खण ठेवायचा आणि 'बाळाच्या बारशाला या' म्हणून हसत निरोप द्यायचा. नवरा जिवंत असताना बाई मेली तर तिच्या अंगावर शेवटची साडी पडते तीही हिरवी, आणि तीही माहेरचीच. तिला मातीची साडी म्हणतात. ती उलगडत नाहीत. कुंकू लावत नाहीत, दुकानाचं नाव असलेल्या पिशवीत घालत नाहीत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची, दोन्ही हातांनी द्यायची आणि 'परत या' म्हणायचं नाही. घेणारा भाव करत नाही, देणारा विचारत नाही. कुणाच्या घरात काय झालंय हे बापाच्या तोंडून वदवून घेऊ नये, म्हणून ही रीत. रीत चांगलीच होती.

पौषातली दुपार होती. दुबलगुंडीकडचा एक शेतकरी एकटाच आला. पन्नाशीचा असेल. पायरीखाली उभा राहिला, चप्पल काढली, परत घातली, परत काढली. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, धोतराला धूळ. कुबशाच्या साडीला पाच-सहा बायका खिदळत येतात, एकटा पुरुष कधी येत नाही. त्यानं कुठंही न बघता एवढंच म्हटलं, "हिरवी द्या. माहेरची." भाव विचारला नाही. अण्णांनी त्याच्याकडं एकदा बघितलं, डोळे मिटून मान हलवली, वरच्या फळीवरची गर्द हिरवी साडी काढली आणि वर्तमानपत्र ओढलं.

मी शेजारीच होते. त्या माणसाची वायरची पिशवी माझ्यासमोर टेकलेली होती. तिच्यात हिरव्या बांगड्यांचा पुडा होता. त्याचं काही नाही, बांगड्या मातीलाही लागतात. पण पुड्याखाली गुळाचा मोठा तुकडा होता. मला तो स्वच्छ दिसला. घरात मढं असताना गूळ कोण विकत घेतं? माझ्या जिभेवर आलं, 'अण्णा, जरा थांबा.' आणि मी गिळलं. अण्णांना शिकवणारी मी कोण? अण्णा दोरा बांधत होते. त्यांनी दोन्ही हातांनी पुडकं दिलं, तो माणूस गोंधळल्यासारखा बघत राहिला, मग पुडकं काखेत मारून उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला त्याची बहीण आली. तो खाली उन्हात उभा. बहिणीनं ते वर्तमानपत्र आणि दोरा अण्णांच्या मांडीवर फेकला. "कुणी बांधलं हे? जित्या लेकराची माती करायलाव व्हय?" सगळा बाजार गोळा झाला. त्याची बायको दोन वर्षांमागं वारलेली. एकुलत्या एका लेकीचा कुबसा. बायकांचं काम पुरुषाला करावं लागलं म्हणून तो लाजून गप्प होता, आणि डोळे लाल होते ते तुरीच्या राशीच्या भुसकटानं. आठ दिवस त्याच्या शेतात मळणीचं मशीन चाललं होतं. आमच्या जिल्ह्यात पौषात निम्म्या माणसांचे डोळे असेच असतात. हे मला माहीत होतं, अण्णांना तर माझ्याहून जास्त.

अण्णांनी वाद घातला नाही. उठले, दुसरी हिरवी साडी, खण, हळदीकुंकवाचा करंडा घेतला आणि मला म्हणाले, "चल, बाईमाणूस लागतंय." आम्ही त्यांच्यासोबतच गावाला गेलो. त्याची लेक महानंदा सोप्यात पाय पसरून बसली होती. एकवीस-बावीसची, गुबगुबीत गालांची, मोठी बोलकी. अण्णा तिच्या पायाशी वाकले तशी ती पाय ओढून हसायलाच लागली. "अय्यो अण्णा, कागदात बांधल्यानं काय हुतंय? बिस्किटबी कागदातच येतंय की!" सगळ्या बायका हसल्या. नवी साडी तिनं बाजूला सारली. म्हणाली, "मला आधीचीच पायजे. तिचा रंग चांगला हाय." अण्णांनी त्याच साडीच्या पदराला कुंकू लावलं. लावताना कुंकू साडीभर सांडलं. येताना बसमध्ये ते मला म्हणाले, "पोरगी धीराची हाय, न्हाई का?" मी म्हणाले, "हो, फार." आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं होतं.

पाडव्याच्या अलीकडं, भर उन्हात, तो बाप परत पायरीवर उभा राहिला. या वेळी पायात चप्पल नव्हतीच. मी त्याच्या पायांकडं बघितलं. अण्णांनीही बघितलं. त्यांना कळलं होतं, शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडालेला होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, "काय दाखवू, अप्पा?"

तो माणूस त्यांच्याकडं बघत राहिला. "मागल्या बारीला न इचारता दिलाव. आता इचारायलाव व्हय?"

अण्णा परत गादीवर टेकले.

"हिरवी द्या. माहेरची," तो म्हणाला. "आता बांधा कागदात."

मग पायरीवरच बसून त्यानं सांगितलं. कळा सुरू झाल्या, रक्त थांबेना, बिदरला नेताना वाटेतच. दोघंही गेली, ती आणि पोटातलं. "पोर आमच्या म्होरं हासायची," तो म्हणाला. "जावई आता सांगायलाय, ती साडी तिनं पेटीच्या तळाला घातलती. हिरव्या बांगड्याबी काढून ठेवलती. दोन म्हैने रोज त्येला इचारायची, मी मरत न्हाई न्हवं?" त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. अण्णांना दोरा बांधता येईना. शेवटी मी बांधला.

कागदानं आणि दोऱ्यानं बाई मरत नाही, हे मला कळतं. मी शिकलेली आहे. ती रक्तस्रावानं मेली, साडी कुठलीही असती तरी गेली असती. पण तिचे शेवटचे दोन महिने भीतीनं खाल्ले, आणि ती भीती आमच्या दुकानातून गेली होती, आमच्या हातानं बांधून. हे कुठल्या पुस्तकानं खोडायचं?

त्यानंतर अण्णा पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले. काय पाहिजे, कशासाठी, घरात कोण आहे, सगळं बरं आहे ना. बायका वैतागायच्या. मातीची साडी न्यायला आलेल्यांनाही ते विचारायचे, आणि त्या माणसांना ते तोंडानं सांगावं लागायचं. एका म्हाताऱ्यानं तर शिवी हासडली. मालकांनी समजावून बघितलं. शेवटी अण्णांनी स्वतःच मागून घेतलं आणि ते धोतर, पंचे, टॉवेलांच्या फळीशी जाऊन बसले. "पांढऱ्यात पारख लागत न्हाई," म्हणाले. पुढं पायरीवर कुणी 'अण्णा हाईत का?' म्हटलं की ते आतून उत्तर द्यायचे नाहीत.

वर्षभरानं मला औरादकडच्या मराठी शाळेत नोकरी लागली. निघताना मालक म्हणाले, "अण्णा, टीचरबाईला एक साडी काढा दुकानातर्फे." मी वाट बघत उभी राहिले. तीन वर्षं शेजारी बसलेला माणूस, माझा रंग त्यांना ठाऊक नसेल? अण्णा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तूच घे बाई, तुला आवडंल ती." मी अबोली घेतली. घरी येऊन खूप रडले. नोकरीच्या आनंदानं रडते आहे असं आईला वाटलं.

दहा वर्षं मी वर्गात कविता शिकवते आहे. गाइडात अजून तेच आहे, हिरवा म्हणजे समृद्धी. मुलं वहीत उतरून घेतात. एकदोनदा मी सांगायला गेले की रंग असा एका शब्दात सापडत नाही रे, तर मुलं विचारतात, "मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?" मग मी म्हणते, समृद्धी लिहा.

मागच्या ज्येष्ठात कळलं, अण्णांनी अंथरूण धरलंय. रविवारी गेले. खाटेवर पार चिपाड झाले होते, विभूतीचे पट्टे मात्र ताजे, अक्कानं ओढलेले. अक्का म्हणजे त्यांची बायको. ती चहा करायला आत गेली. मी इतकी वर्षं मनात घोकलेलं एकदाचं बोलून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी त्या माणसाच्या पिशवीत गूळ होता. मला दिसला होता. मी बोलले नाही."

मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडावेत असंच मला वाटत होतं. निम्मा दोष माझ्या वाट्याला आला असता आणि त्यांचं ओझं तेवढं हलकं झालं असतं.

अण्णा वर आढ्याकडं बघत होते. "खोबरंबी होतं," ते म्हणाले.

मी खाटेजवळ सरकले.

"मलाबी दिसलं होतं, टीचरबाई. दोरा बांधताना दिसलं. मनात आलं, इचारावं. मग वाटलं, जल्मभर कुणाला इचारलो न्हाई, आन आता हिच्याम्होरं इचारू? ही काय म्हणंल, अण्णाला कळंना झालं." त्यांनी पांघरूण छातीवर ओढलं. "त्या पोरीला ते न्हाई सांगितलो मी. तिच्या बापालाबी न्हाई. नजरचूक झाली म्हणलो. नजर चुकली न्हवती."

मला भडकन राग आला. माझ्यासमोर मान राहावा म्हणून? मी त्यांच्यासमोर गप्प बसले ती त्यांचा मान राहावा म्हणून, आणि ते माझ्यासमोर गप्प बसले ते माझ्याकडून मान मिळावा म्हणून, आणि मध्ये ती पोरगी दोन महिने नवऱ्याला विचारत राहिली. एका गादीवर बसून आम्ही एकमेकांना एक शब्द बोललो नाही. मी काहीतरी कडू बोलणारच होते, तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. मी चहा प्याले. निघताना त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय आखडून घेतले.

श्रावणात ते गेले. लिंगायत रीतीनं त्यांना बसवून, बेल आणि विभूती वाहून माती दिली. बाजारातले सगळे दुकानदार आले होते. गर्दीच्या मागं तो महानंदाचा बाप उभा होता, आता काठी टेकत. मी जवळ गेले. त्यानं मला ओळखलं.

"चांगला माणूस व्हता," तो म्हणाला. "मी लई दिस त्याच्यावर राग धरलो. मग म्हणलो, जाऊ दे, चूक कुणाच्याबी हातनं हुतीय. त्याला दिसलंच न्हाई, तर तो काय करंल? दिसलं असतं तर इचारला असता."

त्याच्या हातात मातीची मूठ होती. अण्णा गेले होते. खरं काय ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"हो," मी म्हणाले. "विचारलं असतं."

त्यानं मूठ सोडली. मीही एक मूठ माती टाकली आणि औरादची बस धरली.